सगळ्या घराला एकच पांढराफट्ट उजेड कशाला?

वडगावातलं नवं घर असो की टिळकवाडीतला फ्लॅट, आत पाऊल टाकलं की तोच प्रकार! हॉल, बेडरूम, देवघर, सगळीकडे ६५०० केल्विनचा पांढराफट्ट उजेड. दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही तेच झालं. बेडरूमला २७०० किंवा ३००० चा पिवळसर दिवा द्या, असं वायरमनला तीनदा सांगितलं. उत्तर ठरलेलं, "पिवळा कशाला ओ वहिनी, उजेड कमी पडतोय की!" अहो, उजेड किती ते ल्युमेनवर ठरतं, केल्विन म्हणजे नुसता रंग! खोक्यावर दोन्ही छापलेलं असतं, वाचायला काय होतं?

हॉलच्या फॉल्स सीलिंगला बारा डाउनलाइट, आणि स्वयंपाकघरात? मधोमध एकच दिवा. कट्ट्यापुढे उभं राहिलं की तो पाठीमागे येतो आणि माझीच सावली चॉपिंग बोर्डवर. परवा कोथिंबीर चिरताना बोट कापलं. वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला एक एलईडी पट्टी हवी होती. आता टाइल्स बसल्यात. वायर न्यायची तर भिंत फोडा.

देवघरात समई तेवत असते आणि तिच्या मागे निळी-जांभळी पट्टी लुकलुकते. जीव तुटतो बघून. समईचा उजेड दिसतच नाही हो!

आणि जिन्यात अंधार. सासूबाई रात्री भिंत चाचपत उतरतात. पायऱ्यांपाशी एक दिवा, एवढाच मागितला होता मी.