रस्त्याच्या नकाशात आमची घरं नव्हती

नागपुरातल्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, शेवटच्या गल्लीत सिमेंट रोड झाला, त्याला आता दोन पावसाळे उलटले. डांबरी रस्ता होता तेव्हा फाटकातून बाहेर पडताना एक पायरी उतरावी लागायची. आता रस्त्यावर जायला चढावं लागतं. पहिल्याच जुलैत समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी शिरलं. गव्हाची कोठी भिजली, खाली ठेवलेल्या कुलरची मोटर गेली. काकांना अर्धांगवायू आहे. रात्री साडेअकराला आम्ही पाचसहा जणांनी विटा रचून त्यांचा पलंग वर घेतला.

काम चालू असतानाच काकूंनी विचारलं होतं. गिट्टी पसरून झाली होती आणि त्या फाटकाशी उभ्या होत्या. "वो भाऊ, रस्ता एवढा वर कायले घेऊन राहिले? पाणी आमच्या घरात येईन ना." साइटवरचा तरुण इंजिनिअर नीट बोलला. "काकू, ड्रॉइंग फायनल आहे. माझ्या हातात काही नाही." तो खोटं बोलत नव्हता.

मी ३१ वर्षं नकाशे काढले. धंतोलीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आधी ट्रेसिंग पेपरवर, मग कॉम्प्युटरवर. त्यामुळे ते ड्रॉइंग मला बघायचंच होतं. माहिती अधिकारात अर्ज केला. प्रत हातात आली तोवर रस्ता वाहताही झाला होता. क्रॉस सेक्शन, म्हणजे रस्ता आडवा कापला तर दिसेल तसं चित्र, सुबक काढलेला होता. काँक्रीटची जाडी, खालचे थर, मधला उंचवटा, दोन्ही कडांना उतार, सगळं बरोबर. रेषा दोन्हीकडे कर्बपाशी, रस्त्याच्या कडेच्या दगडांपाशी, थांबल्या होत्या आणि कर्बच्या पलीकडे कागद कोरा होता. कंपाउंड नाही, ओटा नाही, कुणाच्या घराच्या जोत्याची लेव्हल नाही. ज्याला रस्ता काढायला सांगितलं, त्याने रस्ता काढला.

जुना डांबरी थर आणि खालचा भराव उकरून मग काँक्रीट घातलं असतं, तर रस्ता होता त्याच लेव्हलला राहिला असता. पण उकरण्याचं काम आधी अंदाजपत्रकात यावं लागतं, आणि अंदाजपत्रक नकाशावरून निघतं. काकूंचा प्रश्न बरोबर होता, तो नकाशा टेबलावर होता तेव्हा विचारला जायला हवा होता. तेव्हा त्यांना बोलावण्याची सोयच नव्हती.

म्हणून मी हे लिहिते आहे. नागपूरला नागरिकांचं, बिनपगारी, डिझाइन तपासणारं मंडळ हवं. सार्वजनिक पैशातून होणारा प्रत्येक रस्ता, चौक, बाग, तलावाचा काठ यांचा नकाशा टेंडर निघण्याआधी त्याच्यासमोर आला पाहिजे.

जगात हे नवं नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९९४ मध्ये अशी मंडळं सुरू झाली, शहराच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी. त्यांत स्थानिक लोक विनावेतन बसायचे. कुणी डिझाइनच्या क्षेत्रातला, कुणी बांधकाम व्यवसायातला, कुणी दुकानदार, कुणी नुसता रहिवासी. मोठ्या इमारतीचा प्रस्ताव त्यांच्यापुढे सुरुवातीलाच यायचा, आराखडा अजून बदलता येतो तेव्हा. आपल्याकडे दिल्लीत १९७३ च्या कायद्याने अर्बन आर्ट कमिशन हे शहराच्या रचनेवर सल्ला देणारं मंडळ आलं, पण त्यावरच्या नेमणुका केंद्र सरकार करतं. नागपुरात हेरिटेज समिती आहे आणि ती असलीच पाहिजे. पण तिचं लक्ष जुन्या, यादीतल्या वास्तूंवर. आमची गल्ली कुठल्याही यादीत नाही.

कुणी म्हणेल, हरकती आणि सूचना मागवतात की. मागवतात. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकती घेऊन सुनावणी द्यायची तरतूद आहे. पण तो रंगीत नकाशा फक्त सांगतो की इथे निवासी, इथे शाळेचं आरक्षण, इथून इतक्या मीटरचा रस्ता. त्या रस्त्याची उंची किती, पाणी कुठे जाणार, झाडाच्या बुंध्याला गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ब्लॉक, किती जवळ लावणार, हे त्यात नसतं. हे सगळं नंतर ठरतं. आणि आपण जगतो ते या नंतर ठरलेल्या गोष्टींत.

मग प्रश्न कधी विचारला जातो? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. तलावातून निघणाऱ्या पाण्याच्या वाटेत काय बांधलं आहे, हा वाद त्यानंतर उच्च न्यायालयात गेला. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध हजारो अनुयायी उतरले आणि सरकारला ते काम थांबवावं लागलं. तोवर खोल खड्डा खणून झाला होता. स्तूपाला धोका होईल का, ही काळजी ज्यांच्या मनात होती ते लोक याच शहरात राहतात. नकाशा कागदावर होता तेव्हा त्यांच्यासमोर मांडून, समजावून, त्यांचं ऐकून घ्यायला किती दिवस लागले असते? माझ्या मते पंधरा दिवस पुरले असते.

त्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवकाकडे जाऊन भांडायची वाटही तेव्हा बंद होती.

या मंडळाने सौंदर्य ठरवत बसू नये असं मला ठामपणे वाटतं. खांबांना कुठला रंग, कमानीवर कोणती नक्षी, यात त्याचा एक मिनिटही जाऊ नये. त्यांनी विचारायचे प्रश्न साधे आहेत. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी दोन वाजता इथे सावली कुठे आहे? कुबडी घेतलेला माणूस हा चौक किती वेळात ओलांडेल? आठवडी बाजार भरतो त्या जागी भाजीवाल्या कुठे बसतील? वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो असं ३.१४ किलोमीटरचं बांधकाम उभं आहे, त्याची विश्वविक्रमात नोंद झाली. ते बांधणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी तिथे पायी चालते, आणि पायी चालणाऱ्यासाठी तितक्याच बुद्धीने कुणी विचार केलेला मला जाणवत नाही.

आता धोके. सिएटलमध्येच या मंडळांवर मोठी टीका झाली की बैठकांवर बैठका होतात, घरं बांधायला उशीर होतो, खर्च वाढतो. शेवटी २०२३ मध्ये त्या राज्याने कायदाच केला की डिझाइनचे निकष स्पष्ट आणि मोजता येणारे हवेत आणि जाहीर बैठक एकापेक्षा जास्त नको. मला ते पटतं. आपल्याकडेही एक बैठक, ठरलेली मुदत, मुदत टळली तर काम पुढे. आणि खासगी घर बांधणाऱ्याला यात ओढूच नये. त्याला आधीच कमी खेटे घालावे लागत नाहीत.

दुसरा धोका मी जवळून पाहिला आहे. आमचे सर उत्तम आर्किटेक्ट होते. एका सार्वजनिक इमारतीचा रॅम्प फार तीव्र चढाचा होता, व्हीलचेअर कुणी एकट्याने नेऊ शकला नसता. ते त्यांना दिसत होतं. मी म्हटलं, सर, लिहून द्या. ते गप्प राहिले, कारण ती इमारत बांधणाऱ्या यंत्रणेकडेच आमचं बिल अडकलं होतं आणि त्यावर आठ जणांचे पगार होते. त्यांना मी दोष देत नाही. पण मंडळावर फक्त व्यावसायिक बसवले तर हेच होणार. ज्याचं काम त्या यंत्रणेकडे चालू आहे त्याने त्या बैठकीतून उठलं पाहिजे, आणि निम्म्या खुर्च्या नकाशे न काढणाऱ्यांच्या असल्या पाहिजेत. त्यात भाडेकरू हवेत, कारण बैठकीला वेळ असतो तो माझ्यासारख्या निवृत्त, स्वतःचं घर असलेल्या लोकांना. भाजीवालीला यायचं असेल तर बैठक सकाळी अकराला ठेवून चालणार नाही.

सल्ला बंधनकारक नसला तरी चालेल. शेवटचा निर्णय ज्याच्या सहीने होतो त्याचाच राहू द्या. माझी मागणी एवढीच की सल्ला मानायचा नसेल तर का मानला नाही, हे दोन ओळींत लिहून नकाशाला जोडावं, आणि तो कागद कुणालाही, अर्ज न करता, बघता यावा. ज्या इंजिनिअरला "घरांची लेव्हल विचारात घेतली नाही, कारण..." असं वाक्य पूर्ण करावं लागेल, तो आधी घरांची लेव्हल घेईल. मी ड्रॉइंग टेबलावर आयुष्य काढलं आहे, हे मला अनुभवाने माहीत आहे.

मंडळ होईल तेव्हा होईल. आमच्या मागच्या गल्लीत चुन्याने आखणी झाली आहे. रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे लेव्हल पाइप (उंचीतला फरक मोजायची पाणी भरलेली नळी) आणि टेप घेऊन जाणार आहे. प्रत्येक घराच्या उंबऱ्याची उंची मोजायची, सेक्शनवर घरं काढायची आणि सोमवारी तो कागद संबंधित कार्यालयात देऊन पोच घ्यायची. आर्किटेक्चरच्या दोन विद्यार्थिनी येते म्हणाल्या आहेत, काकूही येणार आहेत. घरं तेवीस आहेत आणि पाइपच्या दोन्ही टोकांना माणूस लागतो. लेआउटमधल्या ज्यांना जमेल त्यांनी या.