धडधड थांबली म्हणून गोळी थांबवायची नसते

ज्येष्ठ नागरिकांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचं सार असं: एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, हा मुळात गॅस. जोरात खोकलं, गार पाणी प्यायलं की तो थांबतो, आणि थांबला की धोका संपला. रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे उंदराचं विष, त्याऐवजी इकोस्प्रिन आणि लसूण पुरे. गोळी चालू असलीच तर हिरव्या भाज्या बंद. एवढ्यानंही भागलं नाही तर एकदा ॲब्लेशन (हृदयात नळी घालून करायची प्रक्रिया) करा आणि सगळ्या गोळ्या टाकून द्या. शेवटी दारू सोडा, वजन उतरवा, असंही आहे.

मला हा आजार आहे आणि बेताल धडधडीचे झटके वरचेवर येतात, त्यामुळे हा मजकूर मला काळजीपोटी अनेकांनी पाठवला. पाठवणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. मजकुराबद्दल आहे, आणि ती मुख्यतः एकाच गल्लतीची आहे. या आजारात दोन प्रश्न असतात. पहिला धडधड, धाप आणि गळाठ्याचा. दुसरा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा. पहिला जाणवतो, दुसरा पक्षाघात होईपर्यंत जाणवत नाही. दोन्हींची औषधं वेगळी. मजकूर लिहिणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचा पत्ताच नाही.

‘हा गॅसच असतो.’ रात्रीच्या जड जेवणानंतर काहींना झटका येतो, ढेकरांबरोबर धडधड सुरू होते, हे खरं. पण बिघाड पोटात नसतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० इतके विस्कळीत विद्युत संदेश फिरत असतात, त्यामुळे ते कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले मोजकेच संदेश पोचतात, तेही वेळीअवेळी, म्हणून नाडी पूर्ण बेताल लागते. मजकुरात एक वाक्य आहे की झटक्यात लघवीला सारखं होतं, म्हणजे गॅस मोकळा होतो आहे. निरीक्षण बरोबर, अर्थ चूक. वरचे कप्पे ताणले गेले की त्यांतून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावतं. रात्री झटका आला की बाथरूमच्या फेऱ्या होतात त्या यामुळे. आणखी एक गोष्ट घरोघरी गोंधळ घालते: अशा वेळी बीपीचं मशीन दर खेपेला वेगळाच आकडा दाखवतं. ठोकेच असमान असल्यामुळे असं होतं. दोन-तीनदा मोजून सरासरी धरावी. गॅस की एएफ याचा निकाल मात्र झटका चालू असताना काढलेला ईसीजीच देतो. हातातल्या स्मार्ट घड्याळानं सूचना दिली तरी ती खातरजमा करण्यापुरतीच.

‘खोका, गार पाणी प्या.’ हा सल्ला हवेतून आलेला नाही, तो दुसऱ्या आजाराचा आहे. ज्याला डॉक्टर पीएसव्हीटी म्हणतात, त्यात ठोके अचानक फार वेगानं पडू लागतात आणि विजेचं चक्र बहुधा वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या नाक्यातून, म्हणजे एव्ही नोडमधून, फिरतं. दम रोखून जोर लावला की तो नाका क्षणभर मंदावतो आणि चक्र तुटतं. २०१५ साली ब्रिटनमधल्या रिव्हर्ट या अभ्यासात जोर लावल्यावर लगेच आडवं करून पाय वर उचलले, तर ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली, नेहमीच्या पद्धतीनं १७ टक्क्यांची. एएफमध्ये गोंधळ नाक्याच्या वरच्या बाजूला असतो. नाका मंदावला तर ठोके घटकाभर कमी होतील, फिब्रिलेशन थांबणार नाही. मग लोकांना अनुभव कसा येतो? नव्या रुग्णांतले पुष्कळ झटके काही तासांत आपोआपच थांबतात. त्याआधी जे काही प्यायलं असेल त्याला श्रेय मिळतं.

खिशात ठेवून झटका आल्यावर घ्यायची गोळी असते, पण तिची गोष्ट निराळी. २००४ साली इटलीत झालेल्या अभ्यासात निवडक रुग्णांना फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन आधी रुग्णालयात देऊन पाहिली. ज्यांना ती मानवली त्यांनाच घरी घ्यायला सांगितलं. त्यांचे ९४ टक्के झटके गोळीनं थांबले. पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी हे औषध घ्यायचं नाही. १९८९ मध्ये कास्ट या अभ्यासातला फ्लेकेनाइडचा भाग मृत्यू वाढल्यामुळे अर्ध्यात थांबवावा लागला होता. म्हणून शेजाऱ्याची ‘खिशातली गोळी’ उसनी घेऊ नये.

‘झटका थांबला की धोका संपला.’ माझ्या मते सगळ्यात घातक वाक्य हेच. वरचा डावा कप्पा थरथरतो तेव्हा त्याच्या कानासारख्या कोपऱ्यात रक्त संथ होतं. झडपांचा आजार नसलेल्या एएफमध्ये दहातल्या सुमारे नऊ गुठळ्या त्याच कोपऱ्यात सापडतात. लय परत आल्यावरही त्या कप्प्याची आकुंचनाची ताकद लगेच येत नाही, म्हणून शॉक देऊन ठोके नीट केल्यावरही रक्त पातळ करणारी गोळी किमान चार आठवडे द्यावीच लागते. शिवाय ‘मला झटका कळतो’ हा आपला भ्रम असतो. पेसमेकरच्या नोंदी काढल्या की न जाणवलेले कितीतरी झटके दिसतात.

२००२ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ॲफर्म या अभ्यासात ४०६० रुग्ण होते. अर्ध्यांची लय राखायचा प्रयत्न झाला, अर्ध्यांचा फक्त ठोक्यांचा वेग आवरला. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. आणि पक्षाघात बहुतेक कुणाला झाले? ज्यांनी रक्त पातळ करणारी गोळी थांबवली होती किंवा ज्यांचा आयएनआर (या गोळीनं रक्त किती पातळ झालं आहे याचं मोजमाप) कमी पडत होता त्यांना. लय छान चालली आहे म्हणून गोळी सोडलेले लोक त्यात होते. म्हणूनच गोळी लागेल की नाही हे झटके किती येतात यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, आधीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यांचे गुण मांडून ते ठरतं. पंचेचाळिशीतल्या, बाकी धडधाकट माणसाला कदाचित लागणारही नाही. पेसमेकरमध्येच टिपलेल्या काही मिनिटांच्या झटक्यांबद्दल डॉक्टरही तोलूनमापून निर्णय घेतात, कारण तिथे फायदा कमी आणि रक्तस्राव जास्त अशी लढत असते. पण तो निर्णय धडधडीच्या अंदाजावर होत नाही.

‘उंदराचं विष.’ वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीबद्दल हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते पसरतं. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात कुजलेला स्वीट क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच्याच वर्गातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं आणि १९५५ मध्ये हार्ट अटॅकनंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिलं गेलं. फरक मात्रेचा आहे आणि ती मात्रा आयएनआर तपासून २ ते ३ च्या दरम्यान राखतात. आपल्याकडे अनेकांना त्याच वर्गातली ॲसिट्रॉम असते. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, एपिक्साबॅन या नव्या गोळ्यांचा तर या घराण्याशी संबंधच नाही.

पण ‘नवी आली, जुनी फेका’ हेही चूक. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन ज्यांची हृदयातली मायट्रल झडप आकसली आहे असे रुग्ण आपल्याकडे अजून पुष्कळ दिसतात, आणि त्यांतले बरेच तरुण असतात. भारतासह अनेक देशांत झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात (२०२२) अशा रुग्णांत रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्या वर्गातल्या गोळ्याच सरस ठरल्या. त्यांनी आयएनआरचा कंटाळा केला तरी गोळी परस्पर बदलू नये.

‘इकोस्प्रिन पुरे.’ इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि ते रक्तातल्या प्लेटलेट या पेशींवर काम करतं. संथ रक्तात जमणारी गुठळी मुख्यतः फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाच्या जाळ्याची असते, तिथे त्याचा जोर चालत नाही. ज्यांना वॉरफरिन देता येत नव्हतं अशा ५५९९ रुग्णांवरच्या ॲव्हरोज अभ्यासात (२०११) ॲस्पिरिनवर वर्षाला ३.७ टक्क्यांना पक्षाघात किंवा तशीच गुठळीची इजा झाली, एपिक्साबॅनवर १.६ टक्क्यांना. मोठ्या रक्तस्रावांत लक्षणीय फरक नव्हता. ‘आईचं वय झालंय, तिला सौम्य काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या मुलांनी हे आकडे पाहावेत. स्टेंट बसवलेल्यांची इकोस्प्रिन वेगळ्या कारणासाठी असते, ती हे वाचून बंद करू नये. लसणीबद्दल एवढंच: फोडणीला घाला. कॅप्सूल किंवा अर्जुनाची साल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्याहून मोठा धोका मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचा आहे. रक्त पातळ असताना त्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात.

‘हिरव्या भाज्या बंद.’ वॉरफरिन-ॲसिट्रॉमवर भाज्या बंद करायच्या नसतात, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. एरवी पालेभाजीला हात न लावणारा माणूस श्रावणात रोज रानभाज्या आणि अळूचं फदफदं जेवू लागला तर आयएनआर खाली येईल. नव्या गोळ्यांना भाजीशी देणंघेणं नाही, पण त्यांची पथ्यं निराळी आहेत आणि ती मजकुरात कुठेच नाहीत. एएफसाठीची रिव्हरॉक्साबॅन भरल्या पोटी घ्यायची, नाहीतर ती पुरती शोषली जात नाही. उपासाला खिचडीबरोबर चालेल, निर्जळी असेल तर आधी विचारा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवायची नाही, दमट हवेत ती खराब होते. या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो, त्यामुळे गावाला जाताना विसरलेलं पाकीट महागात पडू शकतं.

‘एकदा ॲब्लेशन, मग कायमची सुटका.’ १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हॅसागेर यांनी दाखवलं की झटक्यांची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. ॲब्लेशनमध्ये ती तोंडं विजेपुरती तोडतात. वारंवार झटके येणाऱ्यांना त्यानं खरोखर आराम पडतो, मी स्वतः त्या विचारात आहे. पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत झटके येऊ शकतात, काहींना ते पुन्हा करावं लागतं आणि गुणांकन जास्त असेल तर रक्त पातळ करणारी गोळी नंतरही चालूच राहते. सुटका झालीच तर ती पहिल्या प्रश्नातून.

दारू आणि वजनाबद्दल मजकूर बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये नियमित पिणाऱ्या १४० रुग्णांपैकी ज्यांना दारू सोडायला सांगितलं त्यांच्यात ५३ टक्क्यांना झटका परत आला, पीत राहिलेल्यांत ७३ टक्क्यांना. घोरण्याची तपासणी आणि थायरॉईडची चाचणी त्यात जोडायला हवी होती.

आणि एक गोष्ट मजकुरात यायलाच हवी होती. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर गार पाणी पाजत बसू नका. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांची असते. छातीत दुखत असेल, भोवळ येऊन पडलात किंवा बसल्याजागी धाप लागत असेल तरीही थेट रुग्णालय. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा सांगायचं ते रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते. पुढचा उपचार त्यावर ठरतो. घरातल्या आणखी एकाला हे दोन्ही माहीत असू द्या.