शहराच्या कडेचं जंगल सुधारावं कसं?

शहराच्या कडेला एखादं छोटं राखीव जंगल उरलं असेल, तर ते तसंच पडू देऊ नका. इतकी जागा आणि तिचं काहीच केलं नाही, हे बरं दिसत नाही.

सुरुवात साफसफाईने करा. पाचोळा दिसला की झाडून काढा. गांडुळांचं, गोगलगायींचं पोट त्यावर चालतं म्हणे. पण त्यांचा एक तरी तक्रारअर्ज आलाय का? वठलेलं झाड तर उभं ठेवूच नका. सुतारपक्षी त्यात ढोली कोरतो, तो गेला की दुसरेच पक्षी पोटभाडेकरू म्हणून घुसतात, आणि खाली कुजलेल्या ओंडक्यात काही भुंगेऱ्यांच्या अळ्या वर्षानुवर्षं ठाण मांडून असतात. करारनामा कुणाकडेच नाही.

मग रस्ता. पायवाट कसली ठेवता, चांगला रुंद डांबरी काढा. इथे जाणकार मोडता घालतील: कडेने ऊन-वारा आत शिरतो, माती सुकते, गर्द सावलीतले जीव मागे सरकतात. घाबरू नका, गणित आपल्याच बाजूचं आहे. १०० मीटर लांब-रुंद, म्हणजे १ हेक्टरचं जंगल घ्या. हा परिणाम चहूबाजूंनी २५ मीटर आत पोचला असं धरा. मध्ये उरलं ५० बाय ५०, पाव हेक्टर. आता बरोबर मधोमध रस्ता काढा. त्याच्याही दोन्ही अंगांनी २५-२५ मीटर गेले. शिल्लक शून्य! एकही झाड जास्तीचं न तोडता जंगलाचं ‘आत’च संपलं. एवढी काटकसर कुठल्या योजनेत पाहिलीत?

कुत्रा असेल तर मोकळा सोडा, आणि त्याने केलेलं उचलू नका. बेल्जियममधल्या घेंट शहरालगतच्या राखीव जागांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांमुळे तिथे वर्षाला हेक्टरी अंदाजे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडतो. फुकटचं खत! अशा मातलेल्या मातीत चारदोन दांडग्या जाती माजतात आणि नाजूक रोपं दबतात. पण हिरवं ते हिरवं, लांबून कोण मोजतंय?

रात्रीसाठी दिवे हवेतच. पतंग त्यांच्याभोवती फिरून दमतील, वटवाघळं गोंधळतील. आपल्याला मात्र रस्ता दिसेल.

प्रवेशद्वाराशी मोठा फलक लावा: ‘येथे आढळणारे पक्षी’, रंगीत छायाचित्रांसह. खर्चाकडे बघू नका. दोनेक वर्षांनी पक्षी बघायला लोक तिथेच थांबतील.