'गद्दार पेशी' नष्ट करायला निघालेल्यांना

माझ्या मावशीच्या स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू आहे. परवा तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारले, "हे खरं असेल तर पुढची केमो घेऊ कशाला?" त्यातले म्हणणे थोडक्यात असे: 2025 चे नोबेल प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या ज्या 'रेग्युलेटरी टी' (नियामक टी) पेशींच्या शोधाला मिळाले, त्या शरीरातील गद्दार पेशी असून कर्करोगाला पाठीशी घालतात, त्या समूळ नष्ट केल्या की गाठ आपोआप विरघळते, हे काम गुळवेलीचा काढा 21 दिवसांत करतो, आणि औषध कंपन्यांनी ही गोष्ट दडवून ठेवली आहे.

सर्वांत घातक मुद्दा 'समूळ नष्ट करा' हा आहे. ज्या संशोधनाचा आधार या संदेशाने घेतला आहे, तेच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. या नोबेलचे एक मानकरी शिमॉन साकागुची यांनी 1995 मध्ये ज्या उंदरांना या पेशी वगळून उरलेल्या टी पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिल्या, त्यांच्या थायरॉईडवर, जठरावर आणि इतर अवयवांवर त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने हल्ला चढवला; वगळलेल्या पेशी परत दिल्यावर तो टळला. पुढे 2001 मध्ये नोबेलचे इतर दोन मानकरी मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की 'स्कर्फी' जातीचे नर उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात ते फॉक्सपी3 या एका जनुकातील दोषामुळे. हे जनुक नियामक टी पेशी घडण्यासाठी अत्यावश्यक असल्याचे दोनच वर्षांत स्पष्ट झाले. माणसातही हाच दोष आढळतो. आयपेक्स नावाच्या या दुर्मीळ आजारात तान्ह्या मुलग्यांना न थांबणारे जुलाब, टाइप 1 मधुमेह आणि इसब होते, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे उपचार न मिळाल्यास त्यातली अनेक बालके पहिल्या काही वर्षांतच दगावतात. 'गद्दार' नसलेले शरीर कसे असते, हे या बाळांच्या आईवडिलांना विचारावे.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. गाठीच्या आत या पेशी खरोखरच कर्करोगाच्या पथ्यावर पडू शकतात. बीजाशयाच्या कर्करोगाच्या 104 रुग्णांवरील 2004 च्या अभ्यासात, गाठीत त्या जितक्या अधिक, तितके रुग्णाचे आयुष्य कमी, असे दिसले होते. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काही अभ्यासांना नेमके उलटे आढळले. दुखावलेला स्नायू भरून येण्यास याच पेशी हातभार लावतात, हेही उंदरांमध्ये सिद्ध झाले आहे. तेव्हा खरा प्रश्न गाठीतल्या पेशींना आवरायचे आणि आतडे, त्वचा, यकृत येथल्या पेशींना धक्का लावायचा नाही, हे कसे साधायचे, हा आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

कंपन्यांनी दडवल्याच्या आरोपाबद्दल एवढेच सांगतो, की या पेशीही कमी करणारे मोगॅम्युलिझुमॅब हे औषध जपानमध्ये एका रक्ताच्या कर्करोगासाठी 2012 पासून उघडपणे विकले जाते. दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करण्याच्या थोडेच आधी ते दिलेल्या रुग्णांमध्ये, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचे गंभीर प्रकार वाढले, हेही डॉक्टरांनी छापून जाहीर केले.

राहता राहिली गुळवेल. तिने माणसातील नियामक टी पेशी नष्ट होऊन गाठ विरघळते, याला कसलाही पुरावा नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये असे सहा रुग्ण नोंदवले आणि पुढच्या वर्षी देशातील 13 केंद्रांनी मिळून 43. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता, हे खरे. तरीही बऱ्याच रुग्णांमध्ये इजेचे स्वरूप प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे होते, आणि केमोची कित्येक औषधे शरीराबाहेर टाकण्याची जबाबदारी त्याच यकृतावर असते. मावशीने पाच दिवस काढा घेतला होता. तो बंद करून तिने तसे डॉक्टरांना कळवले आहे, आणि पुढच्या केमोआधी तिच्या यकृताची तपासणी ठरली आहे.