'एआय आहे, आता हवामान खातं कशाला?'

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरतो: 'एआय लॅपटॉपवर मिनिटभरात दहा दिवसांचा 90 टक्के अचूक अंदाज देतं. हवामान खात्याचे सुपरकॉम्प्युटर काढा भंगारात!'

मिनिटाची गोष्ट खरी आहे. गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट (2023) हे एआय मॉडेल तेवढ्या वेळात अंदाज काढतं. फक्त लॅपटॉपवर नाही, खास चिपवर. असो.

'90 टक्के अचूक' मात्र साफ चूक. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान अंदाज केंद्राच्या, सुपरकॉम्प्युटरवर चालणाऱ्या मॉडेलशी तापमान, वारा, दाब अशा 1380 कसोट्यांवर तुलना झाली आणि त्यांतल्या 90 टक्क्यांत ग्राफकास्ट सरस ठरलं. याचा अर्थ उद्याचा पाऊस दहापैकी नऊ वेळा बरोबर निघेल, असा होत नाही.

आता भंगाराचं. ग्राफकास्ट शिकलं ते 1979 ते 2017 च्या हवामानावरून. उपग्रह, जहाजं, विमानं, उपकरणं बांधून सोडलेले फुगे यांच्या तुटक नोंदी भौतिकशास्त्राच्या मॉडेलमध्ये बसवून त्या काळाचं जगभराचं सलग चित्र याच ईसीएमडब्ल्यूएफनं तयार केलं, तेही सुपरकॉम्प्युटरवर. शिकून झालं तरी गरज संपत नाही. ग्राफकास्टला आत्ताची आणि सहा तासांपूर्वीची स्थिती हातात द्यावी लागते. त्यावरून ते पुढच्या सहा तासांचं चित्र काढतं, तेच पुन्हा स्वतःला भरवतं. दहा दिवसांसाठी असं चाळीस वेळा. सुरुवात चुकली की चूक पुढे वाढतच जाते. आणि ही 'आत्ताची स्थिती' कळते कशी? पहाटे साडेपाचच्या सुमारास मुंबई, नागपूरसारख्या केंद्रांवरून आकाशात सोडलेल्या फुग्यांसारख्या निरीक्षणांतून. ते फुगे खात्याचीच माणसं सोडतात.

अतिवृष्टीत तर अडचण आणखी मोठी. सरासरी चूक कमी ठेवायला शिकवलेलं मॉडेल खात्री नसली की मधला आकडा धरतं, त्यात टोकाचा पाऊस बोथट होतो. (पुढची काही मॉडेलं एकाऐवजी अनेक शक्यता देतात, ते बरं.) 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 73. ग्राफकास्ट जगावर चौकटींची जाळी टाकून अंदाज काढतं; त्या जाळीतले बिंदू सुमारे 28 किमी अंतरावर, म्हणजे ही दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच चौकटीत. हवामान खात्यानं मे 2025 मध्ये सुरू केलेली, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाज प्रणाली 6 किमीच्या जाळीची आहे. तिनं 944 चा आकडा आधी सांगितला असता असं मी म्हणणार नाही, पण कुलाबा आणि सांताक्रूझ निदान वेगवेगळ्या चौकटींत पडले असते.