भाडं वाचवा, घरातच राहा

घराचं काम काढलं की पहिला प्रश्न, तोवर राहायचं कुठं? दोन महिन्यांपुरती भाड्याची खोली बघा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्यांचं भाडं, त्यावर डिपॉझिट, त्यावर सामान न्यायला टेंपो आणि तेच सामान परत आणायला पुन्हा टेंपो. त्यापेक्षा घरातच राहावं. शिवाय आपण घरात असलो की कामावर लक्ष राहतं. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढं वरचेवर लागणार आहे.

काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काढावं. गवंडी म्हणतोच, "मालक, पंधरा दिवसांत हातावेगळं करतो बघा." पंधरा दिवसांत मृग लागतो, आणि वळीव तर त्याच्याही आधी हजेरी लावून जातो. म्हणून एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) बोळात ओतून उघडीच ठेवावी. पहिल्या सरीत बारीक माल गटारात जातो आणि जाड तेवढा मागं राहतो. गिलाव्याला बारीकच लागतो, पण तो प्रश्न गवंड्याचा. सिमेंटची पोती सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, भिंतीला टेकवून थेट जमिनीवर रचावीत. खाली फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर, वर प्लॅस्टिक, हे सगळे गोदामातले लाड. ओल लागून खालच्या पोत्यांत गोटे धरले तर फोडायला बिगारी आहे. गोटा झालेलं सिमेंट एकदा जमून बसलेलं असतं, फोडून चाळलं तरी त्यात पहिला जोर येत नाही. पण पोत्यावर ५० किलो छापलेलं तसंच राहतं, आणि आपण पैसे छापलेल्याचे दिलेत.

आता तोडफोड. एक खोली पुरती उरकायची, तिथं संसार हलवायचा, मग दुसरीला हात लावायचा, ही भित्र्या माणसांची पद्धत. तुम्ही चारही खोल्या एकदम फोडा. न्हाणी आणि संडास तर पहिल्याच दिवशी, कारण ते एकेकच आहेत. पेठेतले शेजारी चांगले असतात; ते आठ दिवस चांगले राहतात. फोडताना ड्रेनेजच्या पाइपांच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबायची एक जुनी चाल आहे, ती मोडून काढा. उघड्या तोंडातून खरमाती आणि सिमेंटचं पाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, उतरतं, तळाशी बसतं आणि निवांत घट्ट होतं. हे उघडकीला येतं ते सगळी फरशी बसल्यावर, वास्तुशांतीच्या दिवशी, पहिल्या पाहुण्याच्या हातून.

न्हाणीचं दार निघेल ते टाकू नका. सोप्यात विटांचे दोन थर रचून त्यावर आडवं ठेवलं की झाला ओटा. शेगडी त्यावर, चहाचे कप त्यावर, इस्त्री त्यावर. या दारावर लक्ष ठेवा, ते पुढं परत येणार आहे.

धुळीबद्दल लोक उगाच बोलतात. कटर चालताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ जागच्या जागी बसते, हे प्रत्येक फरशीवाल्याला ठाऊक असतं. पण पाण्यानं चिखल होतो, म्हणून तो कोरडंच कापतो, आणि तुम्हीही "तेवढा चिखल नको बाबा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. दाराच्या चौकटीला दुहेरी प्लॅस्टिक, चारही कडांना चिकटपट्टी, खिडकीत बाहेर तोंड करून लावलेला पंखा, हा उपाय शंभर-दोनशे रुपयांत होतो, म्हणूनच त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तुम्ही जुनी चादर टांगा आणि छताचा पंखा पाचवर करा. खाली बसू लागलेला कण पुन्हा वर जातो. संध्याकाळी कोरड्या केरसुणीनं सपासप झाडा, म्हणजे उरलेलाही उठेल. ओल्या फडक्यानं तो मरतो. फ्रिजच्या मागच्या जाळीवर थर चढला की फ्रिज रात्रंदिवस घुरघुरतो, तेवढीच सोबत. ही धूळ साधी नव्हे, फरशी आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसात खोल गेली की तिथंच मुक्काम ठोकते, भाडंही देत नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना कटरजवळच बसवा. त्यांचंही कामावर लक्ष राहील.

स्वयंपाकाला काही अडत नाही. तांबडा आणि पांढरा तर कोल्हापूरला सगळेच करतात, तुमच्या सोप्यात तिसरा, राखाडी रस्सा मिळेल. गंगावेशेच्या कट्ट्यावरून आणलेलं धारोष्ण दूध झाकण न घालता ठेवलं तर सायीला चांगली घट्ट पकड येते. गॅस नको असेल तर इंडक्शन घ्या. ती २००० वॅटची, म्हणजे साडेआठ अँपियरच्या पुढं ओढते. ६ अँपियरच्या एक्स्टेंशन बोर्डावर ती लावावी आणि शेजारच्या भोकात फरशीवाल्याचा कटर. दोन्ही एकदम चालले की पिन काळी पडते, वायर ऊन लागते, आणि एमसीबी पडली नाही तर पुढचं वर्णन अग्निशमन दल करील. रंगाचा थिनरही शेगडीपाशीच ठेवा, शोधायला लागत नाही.

लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. कमोडचा पाइप भिंतीपासून किती अंतरावर घ्यायचा, ते त्या कमोडच्या कागदावर लिहिलेलं असतं. पुष्कळ एस-ट्रॅप, म्हणजे पाइप खाली जमिनीत जाणाऱ्या, कमोडांना ते ९ इंच असतं. हे अंतर तयार भिंतीपासून, म्हणजे गिलावा आणि वर टाइल धरून मोजायचं. गवंडी विटेपासून मोजतो. तुम्ही शेजारी उभे राहून मान डोलवा. गिलावा, टाइल आणि तिच्या मागचा माल मिळून दीड इंच खाल्ला की कमोडची टाकी भिंतीत घुसू बघते. मग एक तर नवी टाइल फोडा, नाही तर कमोड बदला. दोन्ही वेळी तुम्ही हजर होतात, हे कुणी नाकारू शकणार नाही.

न्हाणीचं वॉटरप्रूफिंग झालं की तिथल्या जमिनीतल्या जाळीचं तोंड गच्च बंद करून पाणी कोंडायचं, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि ४८ तास वाट बघायची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ वर धोका, हे कोल्हापूरचं पोरगंही सांगेल. इथं उलटं, पातळी उतरली की धोका. वाऱ्यानं एखादा सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उडतो, बोटभर उतरलं तर कोब्यात भोक आहे. पण घरात राहणाऱ्याला अंघोळीविना ४८ तास काढायचे कसे? म्हणून चाचणी नको, लगेच फरशी. पुढच्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटेल, तेव्हा तो पावसाच्या खात्यावर टाकता येतो.

गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं असतं, दिवसातून दोन-तीनदा. हे काम गवंड्याचं नाही, बिगाऱ्याचं नाही, कुणाचंच नाही, म्हणजे तुमचं. काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ सालात थेट पाइपलाइननं शहरात आलं, त्यातलं तुमच्या वाट्याचं भिंतीला घाला आणि स्वतः कोरडे राहा. नाही घातलं तर भिंतीवर केसासारख्या चिरा येतात. चिरांवर पुट्टी भरता येते, पुट्टी घासताना पांढरी धूळ उडते, आणि वरचा धुळीचा परिच्छेद पुन्हा वाचता येतो.

फरशीचा हिशेब मात्र चोख ठेवा. दोन बाय दोनच्या चार फरशांच्या बॉक्समध्ये साधारण साडेपंधरा चौरस फूट बसतात. खोली १० बाय १२ ची, म्हणजे १२० फूट, म्हणजे आठ बॉक्स. बरोबर आठच आणा. नववा कापण्यातल्या नासाडीला लागतो आणि दहावा पायपट्टीला, हे दुकानदार सांगतो, पण तो विकायला बसलाय. नवव्यासाठी तीन आठवड्यांनी जाल तेव्हा नाव तेच, रंग तोच, बॅच दुसरी. एक छटा वेगळी फरशी नेमकी दारासमोर बसते.

पुट्टी सुकली की इलेक्ट्रिशियन येतो आणि गीझरच्या पॉइंटसाठी झिरी मारतो. आधी का आला नाही, हे विचारू नये. आषाढात त्र्यंबोली देवीची यात्रा असते, पी ढबाक वाजतं, नवं पाणी वाहिलं जातं आणि मग गल्लीगल्लीत मटणाचा बेत. पंधरा दिवसांचं काम आषाढापर्यंत कसं लांबलं, हा प्रश्न त्या दिवशी तरी काढू नका. गवंडी तुम्हालाच जेवायला बोलवील.

राहता राहिलं ते दार. कोब्यानं न्हाणीचा तळ वर आलाय, दार आता खाली घासणार. सुतारानं अर्धा-पाऊण इंच कापून बसवून द्यायचं, तासाचंही काम नाही. तोवर पडदा आहे, पडद्यामागून खाकरायची सवय घरात सगळ्यांना लागली आहे. चार वेळा निरोप दिल्यावर एका रविवारी सुतार खरोखर येतो. सोप्यात दार आहे, दारावर शेगडी आहे, शेगडीवर मटण शिजतंय. तो बघतो, टेप खिशात घालतो.

"चालू द्या चालू द्या. उद्या येतो."