अठरा झाल्यावर आई-बापांनी गप्प का बसायचं?

गावाकडे फोन लावला की हल्ली एक वाद हमखास कानावर येतो. 'पोरगं बावीसचं झालं, तरी आईच त्याच्या वतीनं सगळीकडे भांडत असते. परदेशात बघा, सगळं सरकार करतं. एखाद्या संस्थेत ठेवावं आणि मोकळं व्हावं.' बेळगाव, खानापूर, निपाणीकडे तीव्र ऑटिझम असलेल्या तरुणांच्या आई-बापांना हे उठता-बसता ऐकवलं जातं. दाखला मात्र आम्हा इंग्लंडात राहणाऱ्यांचा दिला जातो, आणि तिथंच माझं डोकं तापतं.

इकडे कौन्सिलचा सोशल वर्कर आहे, डे सेंटर आहे, रेस्पिट आहे, म्हणजे घरच्यांना विसावा मिळावा म्हणून काही दिवस दुसरं कुणी सांभाळतं. बेळगावात यातलं निम्मं असतं तरी कितीतरी आया रात्रभर झोपल्या असत्या. पण इकडे अठराव्या वर्षानंतर आई-बाप हे फक्त मत विचारायची माणसं होतात, आणि ते मत ऐकलं जातंच असं नाही. ब्रिस्टलचा ऑलिव्हर मॅकगोवन १८ वर्षांचा होता, त्याला ऑटिझम होता, फिट्सही येत. सायकोसिसवरची (भ्रम-भास होतात त्या मानसिक आजारावरची) औषधं सोसत नाहीत, हे त्यानं स्वतः सांगितलं, आई-वडिलांनीही सांगितलं. तरी हॉस्पिटलात त्यातलंच ओलान्झापिन दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तो गेला. त्याची आई गप्प बसली नाही, म्हणून २०२२ च्या कायद्यानं इथल्या आरोग्य आणि केअर कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. ऑलिव्हरला बोलता तरी येत होतं.

ज्याला बोलताच येत नाही, त्याचं दुखणं आई कशावरून ओळखते? तो भाकरीचा कडक काठ बाजूला सारतो आणि नुसता भात गिळतो. उजव्या गालावरच चापट्या मारून घेतो. दात दुखतोय, हे तिला तेवढ्यावरून कळतं. परका माणूस याला 'हिंसक झालाय' म्हणतो आणि रिस्पेरिडोनचा, म्हणजे शांत करण्यासाठीच्या गोळीचा, डोस वाढतो. मग भूक वाढते, वजन वाढतं, साखरेची भीती येते, दात मात्र तसाच राहतो. म्हणून वागणं अचानक बिघडलं तर आधी दात, कान, बद्धकोष्ठता आणि झोप तपासून घ्या, गोळीचं नंतर बघा. दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजता झालं, त्याआधी काय घडलं, काय खाल्लं, शौचाला झाली का. वयात येताना फिट्स नव्यानं सुरू होऊ शकतात, त्यामुळे टक लावून थिजणंही टिपून ठेवा. या वहीचं सार एका पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये उतरवा. वॉर्डातल्या सिस्टरला मराठी वाचता येईलच असं नाही, आणि तिथं भाषेच्या अभिमानाचा काही उपयोग नाही.

आता कागद. अठरा पूर्ण झाली की आई-बापाचा कायदेशीर हक्क आपोआप चालू राहत नाही. ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी मार्चअखेरीनंतर तीन महिन्यांत हिशेब. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीच्या तपासणीत ४० मुद्दे असतात. बेरीज १५३ च्या वर गेली तर ऑटिझम तीव्र धरतात. उत्तरं देताना 'घरी करतो हो' म्हणून पांघरूण घालू नका, कुणी मदत केल्याशिवाय काय जमतं तेवढंच सांगा. आणि आपल्याकडे नाव मराठीतून कन्नडमध्ये, तिथून इंग्रजीत जाताना हमखास बदलतं. आधार, रेशन कार्ड आणि दाखल्यावरचं स्पेलिंग अर्ज करण्याआधीच एक करून घ्या.

सीमेवर आम्ही इतकी वर्षं भांडतोय, आणि मी त्यात मराठीच्याच बाजूचा आहे. पण ती सीमा या मुलांच्या आयुष्यात कुठून जाते याची चर्चा होत नाही. बहीण गडहिंग्लजला दिलेली असते. आई-बापांमागे भाऊ तिच्याकडे राहायला गेला तर यूडीआयडी कार्ड (देशभर चालणारं अपंगत्वाचं ओळखपत्र) तिकडे चालतं, कर्नाटकाची अपंगत्वाची पेन्शन मात्र राज्य सोडल्यावर चालू राहत नाही, महाराष्ट्रात सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पाट्यांवर आंदोलन करणाऱ्या दोन्ही बाजूंनी एवढा एक प्रश्न आपापल्या सरकारांना विचारावा.

परदेशातली भावंडं 'आम्ही आहोत ना' म्हणतात, मनापासून म्हणतात. पण कायदेशीर पालक म्हणून नेमणूक व्हायला भारतीय नागरिकत्व लागतं. ज्यांनी इकडचा पासपोर्ट घेतला त्यांना ओसीआय कार्डावर (मूळ भारतीय पण परदेशी नागरिक असलेल्यांना मिळणाऱ्या कार्डावर) पालक होता येत नाही. पैसे पाठवता येतात, पण सख्ख्या भावासाठी सही करता येत नाही, आणि पासपोर्टचा अर्ज भरताना हे आमच्यातल्या कुणी विचारातही घेतलेलं नसतं. तेव्हा मामा, चुलतभाऊ, बहीण, जे भारतात आहेत त्यांच्याशी आई-बाप धडधाकट असतानाच बोलून नाव ठरवा, आणि त्या माणसाला आत्तापासून महिन्यातून एक दिवस मुलासोबत एकटं राहू द्या.